पाव फेरा

मंगळवार, ३

ही वही कॉलेजच्या प्रयोगशाळेतली आहे. मागच्या वर्षी पानं उरली म्हणून घरी आणली होती. ननंद फोनवर म्हणाली, "वहिनी, तू बोलत नाहीस ना, मग निदान लिहीत तरी जा." काय लिहायचं ते तिने सांगितलं नाही. प्रयोगशाळेत आम्ही तारीख, काय केलं आणि काय दिसलं, एवढं लिहितो. तेवढं मला जमेल.

काय केलं: गाडी बघायला वायरमनला बोलावलं.

काय दिसलं: अल्टरनेटर गेला आहे. बॅटरी चार्ज होत नाही.

ह्यांना जाऊन अकरा आठवडे झाले. त्या दिवशी हे डिझेल भरायला गेले होते. पंपावरच्या रांगेतून मला फोन केला, "बॅटरीचा दिवा लागलाय. आल्यावर बघतो." थोड्या वेळाने रांग पुढे सरकली, आमची गाडी सरकली नाही. मागचे हॉर्न वाजवत राहिले. कोणीतरी उतरून काचेतून पाहिलं तेव्हा इंजिन चालूच होतं. किल्ली त्या माणसाने बंद केली.

गाडी तेव्हापासून शेडमध्ये आहे. अठरा वर्षं जुनी. २७ तारखेला तिचं पासिंग आहे. त्यात नापास झाली किंवा गेलीच नाही, तर पुन्हा रस्त्यावर आणता येणार नाही. ननंदेने भंगारवाल्याला अठ्ठावीस तारखेचा शब्द देऊन ठेवला आहे. मी तिला म्हटलं, बाबांना दर महिन्याला डोळ्यांच्या इंजेक्शनला न्यावं लागतं, गाडी हवी. ते खोटं नाही. पण खरं कारण मी तिला सांगितलेलं नाही. "आल्यावर बघतो" म्हणाले होते आणि ते काम राहून गेलं आहे.

वायरमन अर्धा तास बॉनेटमध्ये वाकून होता. अल्टरनेटर दोन बोल्टांवर असतो. वरचा छोटा लगेच सुटला. खालचा लांब आहे, तो ब्रॅकेटच्या आट्यांमध्ये बसलेला आहे. तो हलेना. पान्याला पाईप लावून पाहिलं, तरी हलेना.

"ताई, हा बोल्ट नाही, हा घरजावई आहे. एकदा बसला तो बसला."

"मग?"

"ग्राइंडरने कापतो. पण ब्रॅकेटला चीर गेली तर संपलं. ह्या गाडीचं ब्रॅकेट आता कुठे मिळत नाही. आमचे साहेब असते तर त्यांनी काहीतरी डोकं चालवलं असतं." मग माझ्याकडे बघून तो ओशाळला. "तेल सोडून ठेवा. अ‍ॅसिटोन आणि पॉवर स्टिअरिंगचं ऑइल, निम्मं निम्मं. रोज थोडं. शेवटच्या आठवड्यात बघू."

वरचा बोल्ट परत लावून तो गेला. कापू नका, असं मी त्याला तीनदा सांगितलं.

बुधवार, ४

अ‍ॅसिटोन आणलं. तेलात मिसळून ड्रॉपरने बोल्टाच्या मुळाशी सोडलं. दहा थेंब. स्टीलचा बोल्ट आणि अ‍ॅल्युमिनियमचं ब्रॅकेट ओलाव्यात वर्षानुवर्षं एकत्र राहिले की एकमेकांना धरून बसतात. मुलांना मी हे दरवर्षी दाखवते, एका चंचुपात्रात, मिठाच्या पाण्यात.

बाबांना काही सांगितलं नाही. बाबा म्हणजे माझे सासरे. पाणीपुरवठ्याच्या पंपांवर चौतीस वर्षं फिटर होते. आता त्यांना मधलं दिसत नाही, फक्त कडेकडेचं दिसतं. माझ्याशी बोलताना ते माझ्या कानाकडे बघतात, म्हणजे मग माझा चेहरा दिसतो. दिवसभर खोलीत रेडिओ लावून बसलेले असतात. मागच्या दारातून शेडमध्ये जायला तीन पायऱ्या आहेत. गेल्या वर्षी ते तिथे पडले, तेव्हापासून ते तिकडे जात नाहीत.

शनिवार, ७

रोज दहा थेंब. रोज सतरा नंबरच्या पान्याने ओढून बघते. पाना सरकून बोटाचं साल निघालं. बोल्ट हलला नाही.

ननंदेचा फोन.

"तू पाना घेऊन बॉनेटमध्ये डोकं घातलेलं दादाने बघितलं असतं तर काय म्हणाला असता?"

"काही म्हणाले नसते. पाना काढून घेतला असता."

ती हसली आणि मग फोनवरच रडली. "भाजी गॅसवर आहे" म्हणून फोन ठेवला. भाजी नव्हती.

सोमवार, ९

आज हलला.

साडेपाचला घरी आले, साडी बदलली, शेडमध्ये गेले. दोन्ही हातांनी ओढलं. आधी वाटलं पाना सरकतोय. मग दाराची बिजागरी करकरावी तसा आवाज झाला आणि बोल्ट पाव फेरा फिरला. तिथे पुन्हा अडकला. वायरमनने बजावलं होतं, अडकला की जोर करायचा नाही, डोकं तुटून हातात येतं. थांबले. तेल सोडलं. बाटल्यांवर खुणा करायचा पांढरा रंग होता, त्याने दोन रेघा मारल्या. एक बोल्टाच्या डोक्यावर, एक समोर ब्रॅकेटवर, जिथून तो निघाला तिथे. आता दोघींमध्ये पाव फेऱ्याचं अंतर आहे. उद्या अंतर मोजता येईल.

पाना मडगार्डवर ठेवला आणि घरात आले. जेवताना बाबांनी विचारलं, "आज काय, गुणगुणतेयस?"

मी गुणगुणत होते हे मला माहीत नव्हतं.

मंगळवार, १०

दोन्ही रेघा समोरासमोर आहेत.

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. बोल्ट जिथून निघाला होता तिथे परत गेलेला आहे. हाताने फिरवून पाहिला. घट्ट. पाना मडगार्डवर नव्हता. भिंतीवर त्याच्या खिळ्याला लटकत होता.

खिळा ह्यांनी मारलेला आहे. काम झालं की पाना खिळ्याला गेलाच पाहिजे, असा ह्यांचा हट्ट होता.

मीच काल ठेवला असेल. रेघही चुकीची मारली असेल.

पुन्हा पाव फेरा सोडला. पाना मडगार्डवर ठेवला. ठेवला हे इथे लिहून ठेवते.

बुधवार, ११

रेघा समोरासमोर. पाना खिळ्याला.

शनिवार, १४

चार दिवस तेच. मी संध्याकाळी पाव फेरा सोडते, दुसऱ्या संध्याकाळपर्यंत तो आवळलेला असतो. नुसता परत गेलेला नाही, नीट आवळलेला. शेडच्या दाराला कुलूप नसतं, पण फाटकाला असतं, आणि किल्ली माझ्या पर्समध्ये असते. घरात बाबा असतात, त्यांना ताटातला घास दाखवावा लागतो.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाही. जे दिसतं त्याला कारण असतं असं मी वीस वर्षं मुलांना सांगते आहे. तापमानाने धातू आकसतो हे खरं. पण पाव फेरा आकसत नाही आणि खिळ्यापर्यंत तर चालत जातच नाही.

कारण एकच उरतं. ते मी लिहिणार नाही.

सोमवार, १६

रविवारी कॉलेजला सुटी, मी दिवसभर घरी होते. शेडमध्ये पाच वेळा जाऊन आले. बोल्ट सोडला तसाच होता. मी असताना येत नाहीत.

आज कामावर जाऊन आले, तर आवळलेला.

लिहायचं नाही म्हटलं होतं, पण लिहिते. आल्यावर बघतो म्हणाले होते. आले आहेत आणि बघतात. मी चुकीचं करते आहे असं त्यांना वाटत असेल. ह्यांना मी कधी गाडीला हात लावू दिला नाही, म्हणजे उलट, ह्यांनी मला लावू दिला नाही. लग्नानंतर एकदा मी हवा भरली होती, तर हे पंप घेऊन पुन्हा भरायला बसले होते.

रेडिओच्या बटणावर काळा डाग पडला होता. सेल गळले असतील. ओल्या फडक्याने पुसला. जेवताना अ‍ॅसिटोनचा वास येत होता. माझ्याच हाताला असणार, दोनदा धुऊनही जात नाही.

मंगळवार, १७

बाबा आज बरंच बोलले. मी भांडी पुसत होते.

"तो शाळेत असताना पंपाचा व्हॉल्व्ह घरी घेऊन आलो होतो. म्हटलं, खोल. दिवसभर खोलत बसला. लावताना मात्र सगळं सैल. म्हटलं, का रे? म्हणतो, शेवटचा हात तुमचा. तेव्हापासून ती पद्धतच पडली. सायकल असो, मोटर असो. संध्याकाळी तो सोडून, जोडून, पाना तिथेच ठेवून जायचा. सकाळी मी ड्यूटीवर जायच्या आधी शेवटचा हात मारायचो. पाना खिळ्याला. एक शब्द बोलायचं काम नाही."

"हो," मी म्हटलं.

"अजून तसंच आहे. सैल सोडून जातो."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की ह्या वयात काळाची सरमिसळ होते. बाबांच्या बोलण्यात आताचं आणि तेव्हाचं वेगळं राहत नाही. पुढच्या वेळी डॉक्टरांना विचारायला हवं.

मला ते ऐकून बरं मात्र वाटलं. पाना खिळ्याला ठेवायची सवय ह्यांना कुठून लागली ते कळलं.

गुरुवार, १९

आता मी शेडमध्ये गेल्यावर आधी पाना बघते. खिळ्याला असला की बरं वाटतं. मग आजचं सगळं सांगते. मोठ्याने नाही. मुलांनी ब्युरेट फोडली, बसमध्ये बसायला मिळालं, बाबांनी आज पोळी अर्धी टाकली. मग पाव फेरा सोडते आणि येते.

कॉलेजात मैत्रीण म्हणाली, "आज जरा बरी दिसतेस." जेवणाची सुटी संपली म्हणून पुढचं टळलं.

शनिवार, २१

हे कुणाला सांगण्यासारखं नाही.

आज पाव फेऱ्यावर बोल्ट अडकला नाही. पुढे सरकत होता, लोण्यासारखा. आणखी दोनदा पाना फिरवला असता तर बोटांनी निघाला असता. वायरमनला फोन केला असता तर उद्या रविवारी येऊन त्याने दुसरा अल्टरनेटर बसवून दिला असता.

मी थांबले. मागे फिरवून रेघेपासून बरोबर पाव फेऱ्यावर आणून ठेवला. पाना मडगार्डवर ठेवला.

बोल्ट निघाला तर सोमवारी हे कशाला येतील?

ननंदेचा फोन आला होता. "काय झालं बोल्टाचं?"

"निघत नाही."

"मग सोड ना वहिनी आता. अठ्ठावीसला घेऊन जाऊ दे त्याला. आणि बाबांना मी घेऊन जाते माझ्याकडे. तू एकटी किती करशील?"

मी म्हटलं, बघू. ती भाजी सोडली, तर मी तिच्याशी खोटं बोलले हे पहिल्यांदाच.

सोमवार, २३

कॉलेजात पाणी नव्हतं. प्रात्यक्षिकं रद्द झाली. एक वाजता घरी आले.

फाटक उघडलं तेव्हा शेडमधून आवाज आला. बोलण्याचा. मनात एवढंच आलं की आज दिसतील. मला घाई करायची नव्हती. पर्स छातीशी धरून भिंतीच्या कडेकडेने गेले.

शेडमध्ये बाबा होते.

बॉनेट वर केलेलं. मडगार्डवर गाल टेकून, डोळे मिटून, हात खोल आत. डावा हात चाचपत होता, उजव्यात पाना. त्यांना बघायची गरजच नव्हती. बोटांनी डोकं धरलं, पाना बसवला, ओढला. पंचवीस वर्षांच्या माणसासारखा ओढला.

"हां. बसला." मग तसंच पडून राहिले. "रोज येतोस, बरं वाटतं रे. पण असा गपचूप येतोस. तिला एकदा दिसून जा की. दिवसभर एक शब्द बोलत नाही ती पोर. माझ्याशी काय बोलणार? मी आपला रेडिओ ऐकतो."

त्यांनी पाना पुसला. हात लांब करून भिंत चाचपली आणि पहिल्याच झटक्यात खिळा सापडला.

मी आवाज न करता फाटकाबाहेर गेले. बसस्टॉपवर बसून राहिले. दोन बस थांबल्या, दुसऱ्या ड्रायव्हरने चला म्हणून हात केला. मी नको म्हटलं. तिथे बसून रडले. चौदा आठवड्यांपूर्वी ते मला जमलं नव्हतं, लोक म्हणत होते हिला रडवा. आज कुणी न सांगता जमलं. हे आले नव्हते. एक दिवसही आले नव्हते.

साडेपाचला रोजच्यासारखी घरी आले. बाबा खोलीत होते, रेडिओ लागलेला होता. शेडमध्ये जाऊन पाव फेरा सोडला. बाबांसाठी.

मंगळवार, २४

आजही सोडला.

मला दिसतं ते असं. मी जोपर्यंत रोज बोल्ट सोडेन तोपर्यंत बाबांकडे त्यांचा मुलगा येत राहील. हे मला वर्षानुवर्षं करता येईल, कष्टाचं काही नाही. पण अठ्ठावीसला गाडी भंगारात गेली की ते संपेल. आणि बोल्ट काढून गाडी वाचवली, तरी संपेल. तीन दिवस आहेत.

न सांगता काढला, तर बाबा सकाळी जातील, हात आत घालतील, आणि तिथे नवा बोल्ट असेल. मुलगा काम पुरं करून गेला, असं समजतील. तेही चालेल का? मला ठरवता येत नाही. इतक्या सरळ कामात मी कधी अडकले नव्हते.

बुधवार, २५

जेवण झालं. बाबांनी रेडिओ बंद केला. ते रेडिओ कधी बंद करत नाहीत, म्हणून मी हात पुसून बसले.

"सूनबाई, एक सांगू? हसशील."

"नाही हसणार."

"तो येतो."

मी त्यांच्याकडे पाहत राहिले. ते माझ्या कानाकडे बघत होते.

"रोज येतो. गाडीचा तो खालचा बोल्ट सोडून जातो. मी जाऊन आवळतो. पायऱ्या उतरतो म्हणून ओरडू नकोस. तुला सांगणार नव्हतो, तुला त्रास होईल म्हणून. पण मग वाटलं, एकट्याने का ठेवून घ्यायचं? तूही जाऊन उभी राहत जा तिथे. कळतं तो आल्याचं."

ते मला त्यांच्यातला वाटा देत होते. तो घेऊन गप्प बसणं मला जमलं नाही.

"बाबा, तो बोल्ट मी सोडते."

"तू?"

"हो. संध्याकाळी. नऊ तारखेपासून."

त्यांनी हात पुढे करून रेडिओ चाचपला, पण लावला नाही. मला वाटलं, मी फार मोठं पाप केलं.

"कशाने सोडतेस?"

"सतरा नंबरच्या पान्याने."

"गोल रिंगचा, की उघड्या तोंडाचा फिक्स?"

"फिक्स."

"तरीच! बोल्टाचे कोपरे झिजलेत सगळे. मी म्हणत होतो, ह्याला मी असं शिकवलं नव्हतं. मेल्यावर माणूस काम विसरतो की काय!"

ते हसायला लागले. मलाही हसू आलं, आवरेना. टेबलावरचा पेला पडला. मग बाबांचं हसू मध्येच थांबलं.

"आणि आवळतं कोण, असं वाटत होतं तुला?"

मी पेला उचलून ठेवला.

"तुलाही तसंच?"

"हो."

"म्हणजे इतके दिवस तुझ्या हाताला मी त्याचा हात समजत होतो. आणि तू माझ्या..." त्यांनी तळहात उलटसुलट करून डोळ्यांच्या कडेने बघितले, जणू दुसऱ्या कुणाचे आहेत.

मी विचारलं, "काढू या का बाबा? परवा पासिंग आहे."

"थांब जरा," ते म्हणाले.

मी टेबलावर सांडलेलं पाणी पुसून काढलं. मग त्यांनी स्वतःच विचारलं, "उद्या किती वाजता येतेस?"

गुरुवार, २६

अर्धी रजा टाकली. वायरमनला दोन वाजता बोलावलं. तो दुरुस्त केलेला दुसरा अल्टरनेटर आणि थोडी चार्ज केलेली बॅटरी घेऊन आला, आणि ग्राइंडरही.

बाबा माझ्यासमोर पायऱ्या उतरले. काही न धरता. मी हात पुढे केला तो त्यांनी पाहिलाच नाही.

"अरे बाबा! तुम्ही कुठे खाली?" वायरमन म्हणाला.

"साइट इन्स्पेक्शनला," बाबा म्हणाले. "तो ग्राइंडर आधी बाहेर ठेव. दात काढायला कुऱ्हाड आणलीय."

बाबांनी मला रिंग पाना दिला. माझा हात धरून बोल्टाच्या डोक्यावर नेला. "आधी केसभर आवळ. हां. आता सोड. अडला की परत आवळ. त्याच्याशी भांडायचं नाही." पाव फेरा, अर्धा फेरा, पूर्ण. मग बोटांनी फिरू लागला. बाबा म्हणाले, "आता काढ." मी काढला. वीतभर लांब, तांबडा, गरम नव्हता तरी हाताला गरम लागला.

वायरमनने तो उजेडात धरला. "ताई, हे तुम्ही केलंत? रोज सोडून परत आवळत होतात?"

"हो. म्हणजे, रोज."

"कोणी शिकवलं? असाच काढतात जाम बोल्ट. सोडायचा, आवळायचा, सोडायचा, आवळायचा. गंज आतल्या आत दळला जातो. पंधरा दिवस कोण करतो? आम्ही तोडून मोकळे होतो. नुसतं ओढत बसला असतात तर ब्रॅकेटसकट गेला असता."

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी बोल्ट मागून घेतला आणि आट्यांवरून नख फिरवलं. सगळीकडे गंज, पण आटे जिथे बसत तिथे घासून चकाकी आली होती. मला ती दिसली, बाबांना नखाला लागली असावी. तिथेच नख पुढे-मागे करत ते उभे राहिले. मग त्यांनी बोल्ट वायरमनच्या हातात दिला. "टाकून दे. नवीन लाव."

सव्वाचारला किल्ली फिरवली. मी फिरवली. बॅटरीचा दिवा लागला, इंजिन चालू झालं, दिवा विझला.

मी इंजिन बंद करायला हात पुढे केला आणि करता येईना. वायरमन म्हणाला, "राहू दे ताई थोडा वेळ, चार्ज होऊ दे." तो बिल करायला बाहेर गेला. बाबा शेजारच्या सीटवर येऊन बसले. दहा मिनिटांनी त्यांनीच हात लांब करून किल्ली चाचपली आणि बंद केली.

शुक्रवार, २७

पास झाली. तपासणारा म्हणाला, हँडब्रेक जरा कमी धरतो, बघून घ्या. चालवताना सीट पुढे घ्यावी लागली. ती इतकी मागे होती की माझे पाय पोचत नव्हते.

शनिवार, २८

ननंद भंगारवाल्याला सांगायला विसरली. तो टेम्पो घेऊन सकाळीच दारात.

"चालतेय गाडी," बाबांनी खिडकीतून सांगितलं.

"चालू दे की. मी कुठे जातो?" तो म्हणाला आणि टेम्पो वळवून गेला.

सोमवार, ३०

साडेपाचला घरी आले. सवयीने शेडमध्ये गेले. बॉनेट बंद होतं. पाने खिळ्यांना होते, पण ते मीच लावले होते. आजचं सांगावं असं बरंच होतं. सांगायला सुरुवात केली आणि कुणाला सांगते आहे ते मला कळेना. तशीच परत आले.

बाबा दारात बसले होते. "मीही जाऊन आलो दुपारी," ते म्हणाले. "काही नव्हतं."

मग मी त्यांच्याशेजारी बसून त्यांनाच सांगितलं. ब्युरेटचं, बसचं, नव्या प्राध्यापकांनी अ‍ॅसिडची बाटली उघडी टाकली त्याचं. बाबा मध्येमध्ये "मग?" म्हणत होते. अंधार पडेपर्यंत बसलो होतो.

ननंदेचा फोन आला. "काय करताय?"

"काही नाही. बसलोय. दोघंच आहोत."

"दोघंच म्हणजे? इतके दिवस दोघंच तर होतात."

मी हो म्हटलं.